डाव्या टोकाचं वळण

५ जानेवारी, रविवार
पुढे ७, मध्ये १०, मागे ५. हवा कोरडी, ट्रॅक कडक.

ही वही ट्रकची. आजवर हिच्यात तेलाचे आकडे सोडून मी दुसरं काही लिहिलेलं नाही. आकडे हजारांतले, आकडा मोठा तितकं तेल घट्ट. रिमोटवर चालणारा असला तरी ट्रकला तीन डिफरन्शियल असतात, म्हणजे चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्या, आणि त्यांच्या पोटात कोणतं तेल आहे त्यावर तो वळणार की लोळणार हे ठरतं. लोक खेळणं म्हणतात. म्हणोत बापडे. पाच किलोचं धूड साठच्या वेगाने नडगीवर आलं की कळेल खेळणं.

पण आज आकड्यांनी भागणार नाही. डोकं फिरलंय, आणि बायकोशी बोलायला गेलो तर भांडण होईल. म्हणून इथेच.

हंगामातल्या तीन शर्यतींपैकी पहिली आज झाली. गेली दोन वर्षं तिन्ही आम्ही मारल्या. आम्ही म्हणजे ट्रक माझा आणि हात मेव्हण्याचे. हिचा धाकटा भाऊ. आईबाप गेले तेव्हा नऊ वर्षांचा होता, हिनेच वाढवला. आमच्या लग्नात आहेरात आला आणि माडीवरच्या खोलीत राहिला, असं मी चारचौघांत म्हणतो आणि तोच सगळ्यात मोठ्याने हसतो. दुकानांच्या पाट्या रंगवतो. फूटपट्टी न लावता दहा फूट सरळ रेघ मारतो. ट्रकही तसाच चालवतो, म्हणून ट्रॅकवर सगळे त्याला ओळंबा म्हणतात.

घड्याळं दुरुस्त करायचा धंदा बसला तेव्हापासून माझं दुकान ह्या ट्रकांवर आहे. गिऱ्हाईक माझ्याकडे का येतं? ओळंब्याच्या ट्रकचे गिअर मी बसवतो म्हणून. तो हरायला लागला तर माझ्या बोटांना कुत्रं विचारणार नाही.

आज दुसरा आला. चालवणारे उभे राहतात त्या मचाणावरून बघितलं तर डाव्या टोकाला येणाऱ्या वळणावर तीन वेळा कडेच्या पाइपाला धडकला. मचाणावरून उतरला तो म्हणतो, "भाऊजी, ट्रक डावीकडे खेचतोय."

मी म्हटलं, "नाचता येईना, अंगण वाकडं."

हसला. पण चेहरा उतरलेला होता.

७ जानेवारी, मंगळवार
पुढे १०, मध्ये १०, मागे ५.

टोमणा मारला खरा, पण रात्रभर तेच डोक्यात. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या पुढचं डिफ खोललं. तेल काळपट झालेलं, पण इतकंही नाही. सील शाबूत. गिअरचे दात भिंगाखाली एकेक पाहिले, सगळे जागच्या जागी. आधी ट्रक दुकानाच्या फरशीवर सोडून पाहिला होता. भिंतीपर्यंत सरळ गेला. म्हणजे मोकळा असताना सरळ जातो आणि ताण आला की खेचतो. असं होतं कधी कधी.

सातचं काढून दहाचं भरलं. बाटल्यांवरची अक्षरं तेलाने कधीच पुसली गेली आहेत. मी बाटली आडवी करतो आणि आतला बुडबुडा वर यायला किती वेळ लागतो ते मोजतो. भरताना आतली छोटी गिअरं बुडतील इतकंच भरायचं, काठोकाठ नाही. लोक हावऱ्यासारखे भरतात आणि मग सील फुटलं की माझ्याकडे येतात.

भंगाराचा डबा खाली आला होता, म्हणून मेव्हण्याने त्यातलं त्याचं लाडकं गिअर काढलं. गेल्या वर्षी शेवटच्या फेरीत आत खडा शिरला, दोन दातांच्या मध्ये नखाएवढी खाच पडली, तरी ह्याने शर्यत काढली. तेव्हापासून दुकानात आला की अंगठ्याने ती खाच चाचपत बसतो. एकेकाला एकेक वेड.

१२ जानेवारी, रविवार
पुढे १०, मध्ये १०, मागे ३.

सराव. तेच. डावं टोक, तोच पाइप. घट्ट तेलाने ट्रक वळणात शिरताना आडमुठेपणा करतो, म्हणून मागचं पातळ केलं. आता शेपूट हलते आणि धडक ती धडकच.

घरी आलो तर हिचं निराळंच. "अहो, हा अर्धं ताट टाकून उठतो. डाव्या बाजूचं सगळं तसंच. विचारलं तर म्हणतो, वाढलंस कुठे?"

मी म्हटलं, तुझ्या हातचं खाऊन माणूस असंच बोलायला लागतो. तिने माझ्याकडे असं पाहिलं की उरलेलं ताट मी खाली मान घालून संपवलं.

१६ जानेवारी, गुरुवार

आज तेल बदललं नाही. मेव्हणेसाहेब सकाळी डोकं धरून बसले होते. मोरीत जाऊन ओकले. नंतर जिना उतरताना खांदा चौकटीला आपटला, डावा. गेल्या आठवड्यातही आपटला होता. चौकट तिथे बावीस वर्षं आहे.

मी काय तो अंदाज केला आणि जवळ जाऊन तोंडाचा वास घेतला. वास आला नाही. हल्ली वास न येणारंही काही मिळतं म्हणतात. हिला बोललो नाही, उगाच घर डोक्यावर घेईल. त्याला मात्र बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "हंगाम संपेपर्यंत बंद. नंतर काय ढोसायचं ते ढोस."

"भाऊजी, मी कधी पितो का?"

"मग चौकटीशी कुस्ती कसली?"

तो खांदा चोळत माडीवर गेला. मला ते पुरलं.

२१ जानेवारी, मंगळवार
पुढे ७, मध्ये १५, मागे ३.

आज हसावं की रडावं कळेना. दुकानाची पाटी जुनी झाली म्हणून त्याला नवी रंगवायला सांगितली होती. सहा फुटांची फळी. चार दिवस मागच्या अंगणात रंगवत होता. आज आणून टेकवली. अक्षरं सुरेख, एकालाही नाव ठेवायला जागा नाही. पण सगळी उजव्या अर्ध्यात, खेटून खेटून. डावीकडचे तीन फूट कोरे.

"हे काय? इथे कोणाची वाट बघायची?"

तो लांब उभा राहून बघत होता. मान इकडे तिकडे केली. मग एकदम लाल झाला. "राहिलं खरं," म्हणाला. "चित्र काढू का तिथे ट्रकचं?"

मी म्हटलं, राहू दे, पुढच्या वर्षी दुकान वाढलं की उरलेलं लिहू. तशीच टांगली. येणारा जाणारा विचारतो. मी सांगतो, भाडं परवडत नाही म्हणून अर्धी पाटी भाड्याने द्यायची आहे.

हिने मात्र पाटी बघून तोंडाला पदर लावला. हिला कशाचंही रडू येतं.

२ फेब्रुवारी, रविवार
पुढे ७, मध्ये १५, मागे ३. वारा.

दुसरी शर्यत. पाचवा नंबर. पाचवा! ज्यांच्या ट्रकांची मी कीव करतो ते आमच्या पुढे.

दुसऱ्या शर्यतीला ट्रॅकची दिशा उलटी करतात. मागच्या खेपेला जे वळण उजवं ते आता डावं. मी मनात म्हटलं, बरं झालं, ट्रक डावीकडे खेचत असेल तर आता आतल्या बाजूला घासेल, बाहेरच्या पाइपावर जाणार नाही. गंमत बघा, हा पठ्ठ्या पुन्हा त्याच टोकाला, त्याच पाइपावर. चार वेळा. मचाणावरून बघितलं तर उजवा अर्धा ट्रॅक अजूनही ओळंब्यासारखा कापतो. डावीकडे गेला की आंधळी कोशिंबीर.

मी तिथेच बसून विचार केला. डावं वळण असलं तरी आपटतो, उजवं असलं तरी आपटतो. म्हणजे खेच दोन्हीकडे आहे. दोन्हीकडे खेच म्हणजे तेलाचा प्रश्नच नाही. गिअर. भिंगाला न दिसणारी झीज असणार. एवढं साधं मला महिनाभर सुचलं नाही. हलकं वाटलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार
तिन्ही डिफ नवी. पुढे ७, मध्ये १०, मागे ५.

सगळी गिअरं बदलली. मोठं आणि छोटं जोडीनेच बदलतात. एकमेकांवर झिजलेली असतात. एक नवं आणि एक जुनं घातलं की जुनं नव्याला खातं. मग मधल्या चकत्या. कागदाहून पातळ असते एकेक. एक जास्त झाली की गिअर आवळतं, एक कमी झाली की दात निसटतात. बोटाने फिरवून बघायचं: अडखळायला नको आणि खुळखुळायलाही नको. सकाळी आठ ते दुपारी तीन. पाणी प्यायलाही उठलो नाही. असं काम ह्या गावात दुसरं कोणी करून दाखवावं.

मेव्हणा समोर बसून स्क्रू देत होता. त्याच्या डाव्या कोपराशी स्क्रूंची वाटी होती आणि हा सगळीकडे शोधत होता. "वाटी कुठे ठेवलीत, भाऊजी?" मी मान धरून फिरवली. "ही काय, डोळ्यांसमोर!" काखेत कळसा म्हणतात तो असा.

संध्याकाळी ही म्हणाली, "मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय. पंधरा तारीख, शनिवार, सकाळी दहा. तुम्ही घेऊन जायचं."

"बरं."

"बरं नाही. जायचं."

१५ फेब्रुवारी, शनिवार
पुढे ७, मध्ये १०, मागे ५.

हे लिहावं की नाही? वही माझी आहे, लिहितो.

ट्रॅकवाल्याने आज सकाळीच सरावाला वेळ दिला. नव्या गिअरांवर एकदाही धावलो नव्हतो आणि शेवटची शर्यत आठवड्यावर. मी त्याला रस्त्यातच म्हटलं, "शर्यत झाली की जाऊ. आठ दिवसांत डोळे कुठे पळून जातात?" तो म्हणाला, "ताईला काय सांगायचं?" मी म्हटलं, ते मी बघतो.

सराव वाईट झाला. मचाणाच्या पायऱ्या उतरताना त्याचा डावा पाय पायरीवर पडलाच नाही, आणि गडी खाली. कोपर सोललं, कपाळाला टेंगूळ. मीच पाणी आणलं, मीच बाही खाली करून दिली. "ताईला नको," तो म्हणाला. "नकोच," मी म्हणालो.

घरी सांगितलं, डॉक्टर गावाला गेलेत, पुढच्या शनिवारनंतर बघतील. ही म्हणाली, "असं कसं? कालच फोन केला होता मी." मी म्हटलं, माणसाला अचानक काम निघू शकतं. तिने विश्वास ठेवला. माझ्यावर नेहमी ठेवते.

२३ फेब्रुवारी, रविवार
पुढे ७, मध्ये १०, मागे ५.

शेवटची शर्यत.

तिसऱ्या फेरीत, डाव्या टोकाला एक ट्रक उलटला होता. तो सरळ करायला तिथला माणूस वाकला. सगळ्यांनी वेग कमी केला. ओळंब्याने नाही. पूर्ण वेगात. त्या माणसाच्या घोट्याचं हाड मोडलं, आवाज मचाणापर्यंत आला. मेव्हणा विचारतोय, "काय झालं? कोण ओरडतंय?"

त्या बिचाऱ्याला उचलून नेलं. पंचांनी आमचा नंबर काढून टाकला. वीस-पंचवीस लोक गोळा झालेले, त्यांत निम्मी माझी गिऱ्हाइकं. आणि हा अजून म्हणतो, "भाऊजी, खेचतो हो ट्रक, तुम्ही नीट बघा ना एकदा."

दोन महिने! तेल सात वेळा बदललं. तीन डिफ नवी घातली. माझ्या तोंडाचा ताबा सुटला. सगळ्यांसमोर ओरडलो, "ट्रकमध्ये खोट नाही, खोट तुझ्यात आहे! तुझ्यात!"

तो रिमोट टेबलावर ठेवायला गेला, तो टेबलाच्या बाहेरच ठेवला. पडून फुटला. मला वाटलं, मुद्दाम फोडला. मी आणखी बोललो. काय बोललो ते लिहीत नाही.

घरी तो पायी आला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

बोलत नाही. मीही बोलत नाही. मोठा मी आहे, पण चूक त्याची आहे. ही दोघांच्या मध्ये ताटं फिरवते. आज म्हणाली, "तुम्ही त्या गिअरांच्या दातांकडे भिंग लावून बघता. माझ्या भावाकडे एकदा तसं बघाल का?"

शनिवारी घेऊन जाईन म्हटलं. खरंच जाणार होतो.

२६ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी नऊ वाजता दुकानात आला. मला वाटलं, माफी मागायला. दारात उभा राहिला, म्हणाला, "भाऊजी, ते गिअर" आणि डावा हात आपोआप उडायला लागला. मग अख्खं अंग. मी धरायला गेलो तोवर खाली पडला होता. तोंडातून फेस. मी त्याच्या दातांमध्ये बोट घालायला निघालो होतो, शेजारच्या शिंप्याने मला मागे ओढलं आणि त्याला कुशीवर वळवलं. किती वेळ चाललं? मी घड्याळवाला माणूस, आणि मला सांगता आलं नाही.

हॉस्पिटलात आहे. शुद्धीवर आलाय. ही तिथेच आहे. मी दुकान बंद करायला आलोय.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

डोक्यात गाठ आहे. उजव्या बाजूला, मागे. लिंबाएवढी.

डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडावर धरला आणि समजावलं. डोळे चांगले आहेत त्याचे. दोन्ही डोळे डाव्या बाजूचं बघतात, पण ते जिथे पोचायला हवं तिथे गाठ बसली आहे. त्यामुळे त्याच्यासाठी डावीकडे काळोखही नाही, काहीच नाही. आपल्याला दिसत नाही हे पेशंटला कळतच नाही, म्हणाल्या. त्याला वाटतं जग तेवढंच आहे.

मग विचारलं, "हे कधीपासून? डाव्या बाजूला धडकणं, वस्तू न सापडणं, काही आठवतंय?"

ही म्हणाली, "डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नंबर लावला होता, पण ते त्या दिवशी गावाला गेले होते."

बाईंनी कोणते डॉक्टर ते विचारलं. हिने सांगितलं. बाई म्हणाल्या, "ते तर खालीच बसतात. पंधराला? पंधराला आम्ही एकत्र जेवलो."

ही माझ्याकडे वळली. मी जमिनीकडे बघत होतो.

बाई वाट बघत होत्या. मी खिशातून ही वही काढली. का काढली कुणास ठाऊक. नेहमीच खिशात असते. त्यांनी चाळली. ५ जानेवारी, डाव्या टोकाला तीन वेळा. १२ जानेवारी, ताट. १६, डोकं, उलटी, चौकट, डावा खांदा. २१, पाटी. २ फेब्रुवारी. ४. १५. त्या वाचत गेल्या आणि मध्ये मध्ये त्यांच्या कागदावर तारखा उतरवत गेल्या. शेवटी वही परत दिली. "इतकी व्यवस्थित नोंद आजवर कुठल्याच नातेवाइकाने आणून दिली नाही," म्हणाल्या. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. खरंच कौतुकाने म्हणाल्या.

हिने वही मागितली. तिथेच बाकावर बसून पहिल्यापासून वाचली. पंधरा तारखेचं पान दोनदा वाचलं. मग माझ्या मांडीवर ठेवली आणि उठून त्याच्या खोलीत गेली.

६ मार्च, गुरुवार

ऑपरेशन झालं. साडेपाच तास.

८ मार्च, शनिवार

सगळी गाठ निघाली नाही. जी निघाली ती चांगल्या जातीची नव्हती. डावा हात हलत नाही. महिने म्हणाल्या बाई, वर्षं म्हणाल्या नाहीत. मी जिन्यात गाठून विचारलं, "दोन महिने आधी आणला असता तर?" त्या म्हणाल्या, "लहान गाठ वेगळी असते. पण ह्या प्रश्नाचं खरं उत्तर कोणाकडेच नसतं." माणूस चांगला असला की असं बोलतो.

ही माझ्याशी बोलत नाही. डबा नेतो, ती घेते. रिकामा डबा देते, मी आणतो. भांडली असती तर बरं झालं असतं. हिचं भांडण मला झेपतं.

१६ मार्च, रविवार
पुढे ७, मध्ये १०, मागे ५. हवा कोरडी.

ट्रॅकवर गेलो. हंगाम संपलाय, कोणी नव्हतं. नवा रिमोट जोडला आणि मचाणावर चढलो. मी काही चालवणारा नव्हे, तरी हळूहळू फिरवला. दहा फेऱ्या ह्या दिशेने, दहा उलट्या. डाव्या टोकाच्या वळणावर पाइपापासून हातभर अंतर ठेवून जातो, येतो. सोडला की सरळ, अगदी ओळंबा. पहिल्या दिवशीही असाच असणार. दुकानाच्या फरशीवर गेलाच होता की.

मग पायरीवर बसून २ फेब्रुवारीचं पान उघडलं. दिशा उलटी केली आणि तरी धडक तिथेच. गाडीचा दोष गाडीबरोबर फिरतो. दिशा बदलली की त्याने बाजू बदलायला हवी. हे नवशिक्यालाही कळतं. जो दोष जागचा हलत नाही तो गाडीत नसतो, मचाणावर उभा असतो. माझ्याच अक्षरात लिहिलंय, उजवा अर्धा ओळंब्यासारखा, डावीकडे आंधळी कोशिंबीर. लिहिलं, खाली गिअर असा शब्द लिहिला, आणि मला हलकं वाटलं! रोग रेड्याला आणि औषध पखालीला. रडलो. बाजूला कोणी नव्हतं म्हणून मोठ्याने रडलो.

आणि मी त्याला सगळ्यांसमोर म्हणालो होतो, खोट तुझ्यात आहे. ते खरं निघालं. त्याने ते ऐकलंय. तीन दिवस तेच घेऊन घरात फिरला आणि तेच घेऊन पडला.

१९ मार्च, बुधवार

शिंपी विचारत होता, पाटी उतरवायची का, लोक उगाच चौकशा करतात. मी शिडी आणली. एवढ्यात हॉस्पिटलातून घरी आलेली ही डबा भरून बाहेर आली, शिडीकडे पाहिलं आणि शिडीचा पाय धरून उभी राहिली. सोडेचना. शिडी परत ठेवली. पाटी आहे तशी आहे.

२३ मार्च, रविवार

मी हॉस्पिटलात रोज जातो, आणि रोज त्याच्या खाटेच्या डाव्या बाजूला बसतो. आज हे लिहायलाच हवं. तिकडे बसलं की आपण त्याला दिसत नाही. मी येतो, बसतो, त्याला बघतो, निघतो. ही उजवीकडे बसते. तिला ठाऊक आहे मी तिकडे का बसतो. इतके दिवस तिने त्याला सांगितलं नाही.

आज त्याने विचारलं, "ताई, भाऊजी येतच नाहीत का गं? अजून रागावलेत?"

मी दोन हातांवर होतो.

ही माझ्याकडे बघत राहिली. मग पंचवीस दिवसांत पहिल्यांदा बोलली. "उठा. इकडे या. माझ्या जागेवर बसा."

खाटेला वळसा घालून गेलो. मला बघून त्याचा चेहरा उजळला. "अरे, आलात कधी?"

"आत्ताच," मी म्हणालो.

काय बोलायचं ते रस्त्यात ठरवून ठेवलं होतं, नाहीतर मला जमलं नसतं. म्हटलं, "तुझंच बरोबर होतं रे. ट्रक खेचत होता. पुढचं डिफ पुन्हा खोललं तेव्हा सापडलं. गिअरला खाच पडली होती, मला दिसलीच नाही. माझंच चुकलं. तुझ्यात काही खोट नव्हती." आणि खिशातलं गिअर त्याच्या उजव्या तळहातावर ठेवलं. भंगाराच्या डब्यात हात घालून जे खाचेचं हाताला लागलं ते उचललं होतं. खाचेचं एकच आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

त्याने अंगठा दातांवरून फिरवला. एक एक दात. अंगठा थांबला. नखाएवढ्या खाचेत थांबला, आणि पुढे गेलाच नाही.

तेव्हा मला कळलं मी कोणतं गिअर दिलंय: गेल्या वर्षीचं, त्याचं लाडकं. तो माझ्याकडे बराच वेळ बघत होता.

मग मूठ मिटली. मान उजवीकडे करून हिला शोधलं आणि म्हणाला, "बघ ताई, मी म्हणत नव्हतो? गिअरच होतं. भाऊजींनी शोधून काढलं."

हिने डोळे पुसले आणि मला विचारलं, जेवलात का. मी म्हटलं, नाही. डब्यातलं अर्धं तिने मला वाढलं. तो झोपला तरी त्याची मूठ तशीच होती. नर्स सोडवायला आली, तिला आम्ही दोघांनी राहू दे म्हणून सांगितलं.